भिंगावरचा केस

आमच्या दवाखान्यात डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणाऱ्या गृहस्थाला सगळे चकाचक म्हणतात. भिंगावर धुळीचा कण दिसला तरी त्याला चैन पडायचं नाही. वीस वर्षांत डॉक्टरांपुढे एकही डागाळलेला फोटो गेला नाही, हे तो येता-जाता ऐकवायचा. मी थेंब घालणारी सिस्टर. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा एक रफूवाली आली. उजव्या डोळ्यापुढे धूर दिसतो म्हणाली. मी थेंब घातले, चकाचकने फोटो काढला. त्यात एक बारीक, पांढरी, वाकडी रेघ. "भिंगावर केस आलाय, पूस," मी म्हटलं. त्याने पुसून दुसरा फोटो काढला. रेघ गायब. पहिला फोटो बाद झाला. दुसरा पाहून डॉक्टर म्हणाले, सूज आहे, आणि गोळ्या दिल्या.

चार महिने ती येत राहिली. दर खेपेला तक्त्यावरची एखादी ओळ कमी वाचायची आणि वर आम्हालाच धीर द्यायची, "सुई ओवताना एक डोळा मिटावाच लागतो की."

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि आम्हाला बोलावलं. पडद्यावर जिवंत जंत होता. उजेड पडला की सरकायचा. डॉक्टरांनी लेझरने तो तिथल्या तिथे मारला. काम दोन मिनिटांचं. "सुरुवातीलाच सापडला असता तर डोळा वाचला असता," ते म्हणाले. "गेलेली नजर आता येणार नाही."

चकाचकने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी भिंगावर केस नव्हताच. आमच्या उजेडाला भिऊन तो जंत फक्त बाजूला सरकला होता.

बाहेर बाकावर ती डोळ्याला पट्टी लावून बसली होती. चकाचक तिकडे निघाला, तशी मी त्याची बाही धरली. "गप बस. बोलून डोळा परत येणार आहे का?"

त्याने ऐकलं नाही. तिच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. "जंत पहिल्याच फोटोत दिसला होता, मला केस वाटला, मीच पुसला." तिने डोळ्यावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "मीसुद्धा कापडावर काही दिसलं की आधी झटकूनच बघते हो."

हल्ली चकाचक बाद फोटोही डॉक्टरांपुढे ठेवतो, त्यावरून बोलणी खातो. ती महिन्याला येते, मी तिच्या चांगल्या डोळ्यात थेंब घालते. ती माझा हात धरून आभार मानते. 'पूस' कोण म्हणालं होतं, ते त्याने तिला सांगितलं नाही. मीही नाही.