तिसऱ्या गाण्याचा ठोका

बहिणीचा रॅपचा अल्बम आला आणि माझ्यामागे एक बिनपगारी नोकरी लागली, लोकांची मतं तिला वाचून दाखवायची. ती भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात दिवसभर खोकी स्कॅन करते. संध्याकाळी घरी आली की पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "वाच, दादा."

मी वाचायचो. मराठीत हिंदी का घुसवली. मुलीच्या जातीला हे शोभतं का. भिवंडीची बदनामी थांबवा. एकाने तर गाणं न ऐकताच आमची जात काढली. वस्तीतल्या एका काकांना गाणं म्हणजे जयंतीच्या स्टेजवरचं, त्यामुळे त्यांनी याला चालच नाही म्हणून नाक मुरडलं. मुंबईच्या एका समीक्षकाने 'अस्सल' हा शब्द इतक्यांदा वापरला होता की तुपाची जाहिरात वाचतोय असं वाटलं. शिव्यांचा राग यायचा, कौतुकाचाही यायला लागला. नुसता वैताग.

तिला खरं तर एकाच माणसाचं मत हवं होतं. तिसरं गाणं बाबांवर होतं आणि ते बाबांना माहीतच नव्हतं. आयुष्यभर कापडाच्या लूमवर उभं राहून त्यांचे कान पार गेलेत. समोर बसून, ओठ नीट हलवून बोललं तरच त्यांना कळतं. "आपल्यावर गाणं केलं म्हणून चिडले तर पुढं एक ओळ लिहिणार न्हाय," असं ती म्हणायची, आणि ती तसं करणारी आहे.

त्या गाण्यात तिने खराखुरा लूम वाजवलाय. ओळखीच्या एका कारखान्यात जाऊन तिने तो मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. त्याचा ठोका मधूनच किंचित उशिरा पडतो. सगळ्यांना तोच आवडला. थकलेल्या कामगाराचा अडखळता श्वास, असं त्या समीक्षकाने लिहिलं. मीही तिला म्हणालो होतो, काही कर पण हा ठोका काढू नकोस.

शेवटी एका रविवारी तिने गाण्याचे शब्द कागदावर लिहून बाबांच्या हातात दिले आणि त्यांचा दुसरा हात स्पीकरवर ठेवून गाणं लावलं. बाबा चष्मा लावून वाचत होते. दोन ओळी झाल्या असतील, त्यांनी कागद खाली ठेवला आणि ओरडले, "बंद कर! धोटा उडंल!"

धोटा म्हणजे लूममध्ये आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकडी, लोखंडी टोकांचं साधन. ठोका चुकला की तो बाहेर उडतो, समोरच्या माणसाला लागतो.

"रेकॉर्डिंग हाय, बाबा," बहीण त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणाली. "जुनं हाय."

"आसंल. पन तिथं उभा कोन हाय? त्याला सांगितलं का?"

इतक्या लोकांनी तो ठोका ऐकला होता, पण हे कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने ड्युटी बुडवली आणि आम्ही तिघे त्या कारखान्यात गेलो. तो लूम सुरू होता, ठोका अगदी सरळ पडत होता. त्याच्यापुढे दुसराच कारागीर होता. आधीच्याची चौकशी केली तर तो हात न थांबवता म्हणाला, "वो तो कब का गाँव चला गया. आँख में लगा था ना."

बाबांनी त्याच्या ओठांवरून काय ओळखलं, काय नाही, ठाऊक नाही. ते वाकून लूम तपासत राहिले.

बहीण बाहेर येऊन पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी टेकलो.

"मी समोर उभी राहून रेकॉर्ड करत होते," ती म्हणाली. "तो हसून बाजूला सरकला, आवाज नीट यावा म्हणून. आन मला तो ठोका लई आवडला होता, दादा."