पाटीवाली आणि किल्लेवाली

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीत ती बांगडे भरलेली मासळीची पाटी घेऊन बसली होती. केसांत अबोली, नजर समोरच्या गोऱ्या बाईवर.

"हिच्या वांगडाक कोण आसा?" तिने मला विचारलं.

मी त्या बाईशी बोलून सांगितलं, "कोणी नाही. आयर्लंडहून एकटीच आलीय, पडके किल्ले बघायला."

"पडक्या जाग्यार एकटी? मग हांव येतां."

"आणि मावशी, बांगडे? ऊन चढतंय."

"थंय पण माणसां रावतात मरे!"

दोघी किल्ल्याकडे चढल्या. मी धक्क्यावर चहा घेत बसलो. थोड्या वेळाने वरून मासळी विकायची आरोळी आली, "नुस्तें! ताजें नुस्तें!"

पाठोपाठ तीच आरोळी पुन्हा आली, बोबडी, पण मावशीपेक्षा मोठी.