चार कवट्यांचा डाव

मीराबाई मेश्राम रेल्वेच्या वर्कशॉपातून खलाशी, म्हणजे अंगमेहनतीची मजूर, म्हणून निवृत्त झाली आणि त्याच हिवाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मालगाडीच्या डब्यांना जॅक लावायचा, लोखंड इकडचं तिकडे न्यायचं, यात तिची सगळी नोकरी गेली होती. डॉक्टरांनी आता सांगितलं, काही आठवडे घरात बसून राहायचं. रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या त्या दोन खोल्यांमध्ये बसणं म्हणजे तिला शिक्षाच वाटू लागली. नवरा गुलाबराव आधीच निवृत्त झालेला. तो भाजी आणायचा, चहा करायचा आणि तिची चिडचिड ऐकून घ्यायचा.

त्यांची मुलगी रीना नवा रायपूरला एका ऑफिसात नोकरी करायची. आईचा उतरलेला चेहरा रोज पाहून एका रविवारी तिने एक जड खोका आणून टेबलावर ठेवला.

"हे काय आणलंस वं?" मीराबाईने विचारलं.

"गेम है मम्मी, अकेले खेलने का." रीनाने बोटाएवढी एक बाहुली उभी केली. बाहुलीच्या हातात तलवार होती. "ये तुम हो. इस सुरंग में घुसना है, राक्षसों को मारना है, और आखिर में ये ड्रॅगन."

"आन् राक्षसाकडून कोण खेलते?"

"कोई नहीं. पत्ते निकालो, पासे फेंको. राक्षस अपने आप चलते हैं."

खोक्यात चार वेगळे पत्ते होते. एकावर एक कवटी, दुसऱ्यावर दोन, असं चारपर्यंत. खेळ किती अवघड करायचा ते या पत्त्यांवरून ठरायचं. एका कवटीत राक्षस मरतुकडे, आपल्याला भरपूर जीव आणि वर औषधाच्या तीन बाटल्या. चार कवट्यांमध्ये जीव जेमतेम, बाटली एकही नाही आणि पहिला वार राक्षसाचा. रीनाने न विचारता एका कवटीचा पत्ता लावला.

मीराबाई जिंकली. पुन्हा खेळली, पुन्हा जिंकली. तिसऱ्यांदा ड्रॅगन मेला तेव्हा तिने जांभई दिली.

"मले सोपं काहून लावून देल्लं?"

"तुम अभी नयी हो ना, मम्मी."

"वर्कशॉपात पहिल्या दिवशी साहेबानं मले झाडू देल्ला, बाईमाणूस म्हणून. मंग माणसं कमी पडली त जॅक देल्ला. दोन्ही टाइमले मले कोणी विचारलं नाई." मीराबाईने हात लांब करून चार कवट्यांचा पत्ता उचलला. "आता म्या लावते."

भुयारात शिरताच पहिलंच वटवाघूळ तिच्या तलवारवालीला चावलं, दुसऱ्याने पाडलं, आणि खेळ संपला. चहाला उकळीही आली नव्हती. मीराबाई इतकी हसली की गुडघ्याचे टाके ताणले. "वटवाघळानं मारलं बापा! ड्रॅगनपर्यंत पोचलीच नाई म्या!"

त्या दिवसापासून तिचा दिवस बदलला. सकाळचा व्यायाम आटोपला की खुर्ची टेबलाजवळ ओढायची आणि चार कवट्या लावायच्या. कधी वटवाघळं मारायची, कधी सांगाडे. हळूहळू ती शिकत गेली. दारात उभं राहून लढलं तर एका वेळी एकच राक्षस अंगावर येतो, हे तिला एका दुपारी सुचलं आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा ड्रॅगनपर्यंत पोचली. ड्रॅगनने तिला एका फुंकरीत जाळलं. शेजारची अंजनाबाई भिंतीवरून विचारायची, "आज कोनं मारलं वं, मीराबाई?" आणि मीराबाई खुशीत सांगायची, "आज ड्रॅगननं! मोठी झाली म्या!"

गुलाबरावाला मात्र हे बघवेना. गुडघा दुखत असताना बायको रोज हरते आहे, एवढंच त्याला दिसायचं. पत्ते पिसून द्यायचं काम त्याच्याकडे होतं. एके दिवशी पिसता पिसता त्याने राक्षसांच्या सगळ्यात घातक वारांचे तीन पत्ते गुपचूप शर्टाच्या खिशात टाकले.

त्या दुपारी मीराबाई चार कवट्यांवर जिंकली.

ती ओरडली तशी अंजनाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. मीराबाईने तिला शेवटचा फासा कसा पडला ते दोनदा सांगितलं. रीनाला फोन गेला. "चार पे? मम्मी, सच में?" रीना ऑफिसातच किंचाळली आणि संध्याकाळी जिलेबी घेऊन आली. अख्ख्या मोहल्ल्यात जिलेबी वाटली गेली. गुलाबराव कोपऱ्यात बसून गप्प जिलेबी खात होता. तेव्हाच मीराबाईला जरा नवल वाटायला हवं होतं.

जेवणानंतर रीना खोका आवरायला बसली. प्रत्येक खाचेत आपापले पत्ते बसवायचे असतात. राक्षसांची खाच काही भरेना. तिने टेबलाखाली पाहिलं, सतरंजी झटकली. मग तिची नजर खिळ्याला टांगलेल्या शर्टाकडे गेली. खिशातून एका पत्त्याचा कोपरा डोकावत होता आणि त्यावर ड्रॅगनचं शेपूट होतं.

"पापा!"

गुलाबराव बनियनवर उभा राहिला आणि खाली बघू लागला.  मीराबाई काठी टेकत आतल्या खोलीत गेली आणि झोपली.

सकाळी चहाचा कप समोर आला तेव्हा तिने तोंड उघडलं.

"आवो, असं काहून केलं तुमी?"

"तुले रोज हरताना पाहवत नाई मले."

"म्या हरून राहिली होती. रडून नाई राहिली." "तुमी माही जीत खोटी केली. अंजनाबाईले आता काय सांगू?"

गुलाबराव उठला. त्याने खोक्यातून ते तीन पत्ते काढून तिच्यासमोर ठेवले. "चुकलं माहं," तो म्हणाला. "सांग, काय करू?"

मीराबाईने चहा संपवला. "राक्षस व्हा."

"आँ?"

"राक्षसाकडून तुमी पासे टाका. आन् बेइमानी केली त पाहा."

पहिल्या दिवशी गुलाबराव फासा असा टाकायचा जणू हातात कुणाची राख आहे. तलवारवालीला लागलं की "अरेरे" म्हणायचा. दुसऱ्या-तिसऱ्या डावानंतर आवाज चढला. आठवडाभरात तो उभा राहून, दोन्ही हातांत फासे खुळखुळवत, "ये, ये, आज वाचत नाईस!" असं म्हणू लागला. सांगाड्यांना त्याने नावंही दिली. अंजनाबाईला खरी हकीकत मीराबाईने स्वतःच सांगितली. अंजनाबाई हसली आणि तिथेच बसून खेळ बघू लागली.

एकदा मीराबाईने तलवारवाली तिच्यासमोर सरकवली. "आज तू खेल. लाव चार कवट्या!"

"नाई बाई," अंजनाबाई म्हणाली. "मले एकच कवटी पायजे. घरी सासऱ्याचं लकव्याचं दुखणं, पोट्ट्याची परीक्षा. चार कवट्या त माह्या घरीच हायेत. इथं मले जिंकायचं हाय."

मीराबाईच्या ओठांवर थट्टा आली होती, ती तिने गिळली. चार पत्त्यांतला सगळ्यात सोपा, एका कवटीचा, तिने लावला आणि औषधाच्या तिन्ही बाटल्या अंजनाबाईपुढे ओळीने मांडल्या. अंजनाबाईने वटवाघळं मारली, सांगाडे मारले आणि ड्रॅगनवर शेवटचा वार करताना अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा भाजीवाला भैया थबकला. पदराने घाम पुसत ती घरी गेली, ती गाणं गुणगुणतच.

मीराबाईची खरी जीत आली ती जानेवारीत, अंगणात ऊन खात असताना. काठी तोवर सुटली होती. रीनाला सुट्टी होती, अंजनाबाई तांदूळ निवडत बसली होती. चार कवट्या. तलवारवालीचा एक जीव उरलेला, ड्रॅगनचे दोन. गुलाबरावाने फासा टाकला. नेम चुकला. मीराबाईने आपले फासे मुठीत धरले, डोळे मिटले नाहीत, सरळ टाकले. दोन्ही सहा. ड्रॅगन मेला.

रीनाने आधी पत्ते मोजले, सगळे होते. मग ती नाचली. अंजनाबाईचे तांदूळ सांडले. मीराबाई मात्र शांत बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

गुलाबराव तोंड पाडून बसला होता.

"आता तुमाले काय झालं?" तिने विचारलं.

"फासा घरंगळला माहा. एक डाव आणखी दे."

"पापा, तुम ड्रॅगन के लिए दुखी हो?" रीना पोट धरून हसू लागली.

मीराबाईने डोळे पुसले, बाहुली उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "घ्या. आता तुमी तलवारवाली, म्या राक्षस. किती कवट्या लावू?"

गुलाबरावाने बाहुलीकडे पाहिलं. मग बायकोच्या हातांकडे पाहिलं, डब्याखाली जॅक लावून लावून रुंद झालेल्या, आणि त्या हातांत आता फासे खुळखुळत होते.

"एकच लाव," तो म्हणाला.

मीराबाईने अजिबात न हसता एका कवटीचा पत्ता लावला आणि तिन्ही बाटल्या त्याच्या बाजूला सरकवल्या.