सर्व प्रकारच्या सायकली

नाना नसते तर मी आठवीतच वडिलांबरोबर जिनिंगमध्ये कापूस ओढायला लागलो असतो. नाना नात्याने माझे कोणी नाहीत. नरडाण्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा आहे, त्या फाट्यावर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. पत्र्याचं छप्पर, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, आणि वर निळी पाटी. तिच्यावर त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगात लिहिलेलं: 'येथे सर्व प्रकारच्या सायकली दुरुस्त होतील.'

आठवीची शाळा गावापासून सात किलोमीटरवर होती. बस सकाळी एक यायची, तीही आली तर. पहिला महिना मी चालत गेलो. रोज फाट्यावरून जाणारा हा मुलगा नानांनी महिनाभर बघितला आणि एक दिवस हाक मारली. तीन मोडक्या सायकलींतून जुळवलेली एक सायकल भिंतीला टेकून ठेवली होती. दांडा हिरवा, मडगार्ड काळं, मागचं चाक पुढच्यापेक्षा नवं.

"लई जाय," सायकल माझ्या हातात देत ते म्हणाले. "पन नापास व्हयना ते परत लई लिसू."

त्या सायकलीवर मी दहावी झालो. बसच्या टपावर टाकून तीच धुळ्याला नेली, हॉस्टेल ते कॉलेज तिच्यावरच केलं. निघताना नानांनी एकच अट घातली होती. "महिनाले एक पत्र टाकजो. काय खाधं, काय शिकना, बठ्ठं लिखजो." ते चौथी शिकलेले. पत्र वाचायला त्यांना दोन दिवस लागत, पण वाचून घ्यायला ते कुणाकडे जात नसत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पेढे मी आधी फाट्यावर दिले, मग घरी नेले. वडिलांनी त्याबद्दल कधी राग धरला नाही.

आज मी जळगावात एका तंत्रनिकेतनात शिकवतो. यंत्र शाखा. घर्षण हा धडा दरवर्षी माझ्याकडेच असतो. हे सांगायला लाज वाटते, पण पुढे जे झालं ते समजायला एवढं सांगणं भाग आहे.

चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा सायकलकडे वळलो. जळगावात सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे. डॉक्टर, वकील, बांधकामवाले. तंग चड्ड्या, रंगीत हेल्मेटं. त्यांच्यात मी 'सर' म्हणून घेतला गेलो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार अप्रूप होतं. त्या वर्षी पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरपट्ट्यात चार दिवसांची सायकल शर्यत ठरली. रोज साठ-सत्तर किलोमीटर, कच्चे रस्ते, घाट, ओढे. रोजची वेळ ठरलेली. वेळेत पोचला नाहीत तर छातीवरचा नंबर काढून घेणार. गटातले चौघे जाणार होते. मीही नाव दिलं. आयुष्यात जे मिळालं ते कुणाच्या ना कुणाच्या हातून मिळालं होतं. ही एक गोष्ट आपल्या पायांनी पुरी करावी असं वाटत होतं. पहिला-दुसरा नंबर नको होता. चौथ्या दिवशी शेवटच्या रेषेपलीकडे उभं राहायचं होतं.

त्यासाठी डोंगरात चालणारी सायकल हवी होती. नानांना न विचारता सायकल घेणं मला शक्यच नव्हतं. मी त्यांना जळगावला बोलावलं. धुतलेला सदरा आणि टोपी घालून, पिशवीत आपला पाना टाकून ते सकाळच्या गाडीने आले.

सायकलींचं मोठं दुकान एका मारवाडी कुटुंबाचं आहे. गल्ल्यावर बसणारे शेठ सरळ माणूस. त्यांनी दोन सायकली काढून ठेवल्या होत्या. पहिलीला फक्त पुढे शॉकअप, ब्रेक डिस्कचे पण तारेवर ओढले जाणारे. दुसरीला पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप आणि ब्रेकच्या नळीत तेल भरून सील केलेलं. बोटाने दाबलं की चाक थांबतं. मला सल्ला द्यायला गटातले एक डॉक्टर मुद्दाम आले होते. अशी एक शर्यत त्यांनी आधी केली होती.

नानांनी आधी बोलणं नाही, काम केलं. पहिल्या सायकलीचं मागचं चाक उचललं, पायडल फिरवलं आणि कान जवळ नेऊन ऐकलं. मग चाकाची एकेक तार बोटाने छेडत गेले. दोन तारांवर थांबले, पिशवीत हात घातला आणि पुन्हा काढून घेतला. दुकान आपलं नाही हे त्यांना आठवलं असावं. दुसरीपाशी मात्र ते नुसते उभे राहिले.

"हाई वाटमा बिघडनी ते कोन सुधारी, भो?" त्यांनी शेठना विचारलं.

"नाना, ही सहसा बिघडत नाही," शेठ म्हणाले. "पण खरं विचाराल तर सरांना पहिली पुरेल. त्यांना पोचायचंय, जिंकायचं नाही. जितके भाग कमी, तितकं बरं."

"शेठ, तुम्ही विकायला बसलात की वाचवायला?" डॉक्टर हसले. "सर, चार दिवस दगडांवर बसायचंय. मागे शॉकअप नसेल तर तिसऱ्या दिवशी कंबर उठू देणार नाही."

"कंबर मोडनी ते तुम्ही शेतस," नाना डॉक्टरांना म्हणाले. "चाक मोडनं ते?"

शेठ मोठ्याने हसले. डॉक्टरही हसले, पण ते माझ्याकडे बघून. त्या हसण्यात 'कुठून आणलंत यांना' असं होतं. निदान मला तसं वाटलं. नाना माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "यामा मना हात कोठे जाई रे?"

मी आयुष्यभर त्यांच्याशी अहिराणीत बोललो. त्या दिवशी मात्र, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात, पुस्तकी मराठीत म्हणालो, "नाना, आता असं नसतं. सगळं सील केलेलं असतं. उघडावंच लागत नाही."

नानांनी मान हलवली. मी दुसरी सायकल घेतली. ती चांगली होती, त्यात वाद नाही. पण मी ती चांगली होती म्हणून घेतली नाही. फाट्यावरच्या मिस्तरीचं ऐकून सायकल घेणारा माणूस मला त्या दोघांसमोर व्हायचं नव्हतं. नाना दुपारच्या गाडीने परत गेले. जेवायला थांबा म्हटलं, तर म्हणाले, दुकान उघडं टाकून आलोय.

पुढचे दोन महिने मी रविवारी अजिंठ्याच्या घाटात चढउतार केली. सायकल लोण्यासारखी उतरायची. मनात मात्र एक बोच होती. म्हणून दसऱ्याला मी सायकल गाडीला बांधून गावी नेली. दसऱ्याला नानांच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. पाने, हातोडे, हवेचा पंप, सगळं घासून पाटावर मांडतात, आणि ज्यांनी त्या वर्षी नवी गाडी घेतली ते ती पुढे आणून लावतात. माझी सायकल बघून नानांचा चेहरा उजळला. मी तिला त्यांच्या हाताखाली दिलं, एवढंच त्यांना पुरे होतं.

झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चार-पाच जण बघत होते. नाना खाली बसले आणि त्यांच्या सवयीने सायकलभर हात फिरवू लागले. काय करावं ते शोधत होते. तारा कसलेल्या, साखळी स्वच्छ, ब्रेकला ओढायला तार नाही, पिळायला नट नाही. त्यांनी हात घालावा असं मी त्या सायकलीत काही ठेवलंच नव्हतं. शेवटी त्यांना पुढच्या चाकाची डिस्क दिसली. उघडी, चकचकीत, कोरडी पोलादी चकती. त्यांनी तेलाची कुपी उचलली.

"उघडं लोखंड ठेवानं नही. गंज धरस."

त्या चकतीला तेलाचा थेंबही लागता कामा नये. ब्रेकचे गुटके तिला घासूनच चाक थांबवतात. तेल लागलं की घासणं संपलं. हे माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही येतं. कुपी उचलल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत "नाना, नको" म्हणायला भरपूर वेळ होता. जळगावच्या दुकानात त्यांना मी चारचौघांत एकदा गप्प केलं होतं. दुसऱ्यांदा करवेना. त्यांनी पुढची चकती पुसली, मागची पुसली, चाक फिरवून दोन्ही बाजूंनी तेल सारखं केलं, आणि समाधानाने माझ्याकडे बघितलं. मी वाकून पाया पडलो.

जळगावला येऊन मी चकत्या स्पिरिटने पुसल्या. गुटक्यांनी तेल प्यायलं असणार हे मला कळत होतं. नवे गुटके शेठकडे नव्हते, पुण्याहून मागवावे लागणार होते आणि शर्यत नऊ दिवसांवर होती. मी गुटके काढून पॉलिश पेपरने घासले. जळगावच्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागत होते. थोडे किंचाळायचे, पण लागत होते. मी मनाची समजूत घातली.

पहिला दिवस चढाचा होता. वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो आणि गटातल्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब उतार लागला. पहिल्या दोन वळणांतच ब्रेक तापले, ओरडायला लागले आणि मग ओरडणंही बंद झालं. दांडीवरचा ब्रेक पूर्ण दाबूनही सायकल पळत होती. तिसऱ्या वळणावर मी ती घाणेरीच्या झुडपात घातली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तिथून खाली अकरा किलोमीटर मी ती सायकल हातात धरून उतरलो. मागून येणारे "सर, काय झालं?" विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जात. हीच सायकल वर वळणांवर ओरडत होती. आता तिचं चाक माझ्या शेजारी अगदी गुपचूप फिरत होतं. खाली पोचलो तेव्हा वेळ संपून तास उलटला होता. एका मुलीने नम्रपणे माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला.

आयोजकांच्या मेकॅनिकने गुटके काढले, वास घेतला आणि सगळ्यांना दाखवले. "ब्रेकला तेल? कोण शहाणा होता हा?"

डॉक्टर तिथे होते. गटातले बाकीचेही होते. मी म्हणालो, "गावाकडे एक मिस्तरी आहे. त्याला काय कळतंय यातलं."

सगळे हसले. मीही हसलो. कुणीतरी गुटक्यांचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सरांच्या गावठी मिस्तरीची कमाल'.

रागही आला होता, ते लपवून काय करू? उतरताना अकरा किलोमीटर मी नानांवर चिडत होतो. त्यांच्या कुपीवर, त्यांच्या समाधानावर, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीवर की त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही. ज्याने आपल्याला उभं केलं त्याच्यासमोर 'नको' म्हणता येत नाही, आणि त्याच्या पाठीमागे काहीही बोलता येतं. हे मला त्या दिवशी कळलं.

शर्यतीच्या बातम्या कळाव्यात म्हणून मी त्या ग्रुपमध्ये माझ्या एका शाळेतल्या सोबत्यालाही घेतलं होतं. तो आता नरडाण्याच्या कारखान्यात काम करतो. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. फाट्यावर हवा भरायला थांबला आणि गंमत म्हणून त्याने नानांना फोटो दाखवला. खालची ओळ वाचायला नानांना वेळ लागला असेल. पण त्यांनी ती स्वतःच वाचली, असं तो म्हणाला.

दिवाळीला गावी गेलो. दुकान उघडं होतं. नाना एका पोराच्या सायकलीचं पंक्चर काढत होते. माझ्याशी बोलले. "कसा शे? पोरंसोरं बरी शेतस?" इतकंच. शर्यतीचं विचारलं नाही. मी वर बघितलं. निळ्या पाटीवर 'सर्व प्रकारच्या' या शब्दांवरून नवा निळा रंग मारला होता. जुन्या निळ्याला तो जुळत नव्हता, त्यामुळे ती जागा जास्तच दिसत होती. आता पाटीवर होतं: 'येथे सायकली दुरुस्त होतील.'

जळगावला येऊन मी पत्र लिहिलं. कॉलेज सुटल्यानंतर त्यांना लिहिलेलं हे पहिलंच पत्र. ते असं होतं.

'ती. नानांना साष्टांग नमस्कार.

पत्र मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. सावकाश वाचा, कुणाला वाचायला देऊ नका.

मी शर्यत पुरी केली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो. ब्रेक लागले नाहीत. त्या चकतीला तेल लावायचं नसतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तशी सायकल तुमच्याकडे कधी आलीच नव्हती. मला माहीत होतं. मी मुलांना तेच शिकवतो. तुम्ही कुपी उचलली तेव्हा मी शेजारी उभा होतो आणि बोललो नाही. नंतर गुटके बदलायला हवेत हेही माहीत होतं, तेही केलं नाही. चूक तुमची नाही.

फोटोखालची ओळ मी लिहिली नाही. पण त्यांना ते बोलायला शब्द मी दिले. तुम्ही शिकवलेला मुलगा परक्या माणसांसमोर तुम्हाला 'एक मिस्तरी' म्हणाला आणि हसला. तुम्ही आतापर्यंत कुणाकडून ऐकलं असेल, ते खरं आहे. माफ करा असं लिहीत नाही. तुम्ही कराल, आणि ते मला सोपं जाईल.

जळगावच्या दुकानात तुम्ही विचारलं होतं, यात माझा हात कुठे जाईल. त्याचं उत्तर मी तुम्हाला दिलं नाही, डॉक्टरांना ऐकवलं. पहिली सायकल घ्यायला हवी होती. शेठही तेच म्हणत होते.

या महिन्यात खाल्लं ते नेहमीचंच. शिकलो ते वर लिहिलं आहे.

पाटी पुन्हा रंगवा असं सांगायचा मला हक्क नाही. पण ते दोन शब्द तुम्ही माझ्यामुळे पुसलेत हे मला कळलं आहे, एवढं तुम्हाला माहीत असावं.

तुमचा,
सात किलोमीटर चालत जाणारा'