आपोआप मेल

बाळकुमच्या आमच्या सोसायटीची वेबसाइट दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने हौसेने बनवलीय. पीएचपी नावाच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत. "काका, पीएचपी मेली म्हणणारे येतात नि जातात, ती आहे तिथेच आहे," हे तो मला जिन्यात, गेटवर, अगदी मच्छीवालीसमोरही ऐकवतो. मी पडलो सेक्रेटरी, पळणार कुठे?

बोलताना त्याची बोटं हवेतच टाइप करत असतात. सल्ला ठरलेला: "चालू साइटला हात लावायचा नाही, आधी कॉपीवर करून बघायचं." स्वतः मात्र चालू साइटवरच प्रयोग करतो. कोड कुठे अडकतोय ते कळावं म्हणून मध्येच 'इथपर्यंत आलो' असं छापतो आणि पुसायला विसरतो. मेंटेनन्सच्या पानावर ते वाचून पहिल्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बघून आलेल्या.

साइटवर तक्रार नोंदवली की मला आपोआप मेल येणार, ही त्याची सगळ्यात लाडकी सोय. परवा सकाळी लिफ्ट बंद पडली. थोड्या वेळाने माझी बेल वाजली. दारात हा, घामाघूम, सातव्या मजल्यापर्यंत जिना चढून आलेला.

"काका, साइटवर लिफ्टची तक्रार आलीय. मेल जात नाहीये, म्हणून सांगायला आलो."

"कोणाची तक्रार?"

"माझीच."

"अरे, मग फोन करायचास ना मला!"

तो दुखावलाच.

"फोनच करायचा, तर मग एवढी वेबसाइट बनवली कशाला, काका?"