न कापलेली पानं

खालच्या मजल्यावरच्या सुधाताईंनी माझ्याकडून वाचायला नेलेला कथासंग्रह आठ महिन्यांनी परत आणून दिला. त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं नीट कव्हर घातलं होतं. "छान आहे हो! शेवटची कथा तर फारच छान. आता एखादा सिनेमा सुचवा ना."

त्या गेल्यावर पुस्तक चाळलं, तर शेवटच्या कथेची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात ती कापायची राहून गेली होती. म्हणजे बाईंनी कथा वाचलीच नव्हती.

किती वर्षं मी हेच करतोय! लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत लोकांना सांगतो, हे वाचा, ते बघाच. लोक मान डोलावतात, नाव लिहून घेतात. आपल्याला जिथे रडू आलं, तिथे आणखी कुणी थांबावं, एवढंच तर हवं असतं. आता मात्र कंटाळा आलाय.

चरफडत मी फूटपट्टी आणली आणि पानं सोडवायला बसलो. अर्ध्यावर हात थांबला. पुस्तक वीस वर्षं माझ्याच कपाटात होतं. ज्या मित्राने ते मला दिलं, त्यालाही मी म्हणालो होतो, "शेवटची कथा तर फारच छान."