उजवीकडून पाणी

लातुरात डोळे मिटून खडा मारला, तर तो डॉक्टर होऊ घातलेल्या पोरालाच लागेल. पण ‘मी वाढपी होणार’ असं छाती काढून सांगणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता आणि तो नेमका माझ्या खोलीत राहायचा. मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. गडी मूळचा हिमायतनगरकडचा. नांदेडला स्वयंपाकाचा डिप्लोमा झोकात पास झालेला. त्यानं मटण शिजवायला घेतलं की गल्लीतली माणसं उगाच आमच्या दारावरून फेऱ्या मारायची. मोठ्या हॉटेलच्या किचनात नोकरी चालून आली होती. ती लाथाडून हे महाशय लातूरला आले, फूड अँड बेव्हरेज मॅनेजमेंट शिकायला! म्हणजे काय रे बाबा, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "वाढायचं कसं, ते," तो म्हणाला. "त्याला कॉलेज कशाला? आमच्याकडं लग्नात कुणीबी वाढतंय." "म्हणून तर तुमच्याकडं वरण पाव्हण्याच्या धोतरावर असतंय," हे त्याचं उत्तर.

पाहुण्याला पाणी, चहा द्यायचा तो उजव्या बाजूनंच, हा त्याचा धर्म. आता माझ्या खाटेच्या उजवीकडं होती भिंत. एका सकाळी डोळे उघडतो तर मी खाटेसकट खोलीच्या मधोमध! चालायला जागा उरली नाही, पण चहा शास्त्रोक्त मिळायला लागला. कापड दिसलं की घडी घालायची, हे दुसरं खूळ. माझे रुमाल बदकं झाले, उशीचा अभ्रा पंखा झाला. एकदा अंघोळ करून आलो तर टॉवेलचं कमळ झालेलं. क्लासला उशीर होतोय आणि मी ओलेत्यानं कमळ उलगडत बसलोय! हातावर तीन-तीन ताटं तोलायचा सराव जिन्यात चालायचा. ताटांत तूरडाळ भरलेली. घरमालकीण त्या डाळीवरून घसरली, तेव्हा यानं तिला सावरलं खरं, पण दुसऱ्या हातातली ताटं काही सोडली नाहीत. ती बिचारी शिव्या द्यायचं विसरून बघतच राहिली.

मेसमध्ये तर त्याला घेऊन जायची सोयच नव्हती. वाढणाऱ्याचा अंगठा वाटीतल्या वरणात बुडालेला दिसला की हा ताडकन उभा. "अंगठा काय फोडणीत घातलाय का रं?" मेसवाल्यानं दोघांनाही हाकललं. मी तर तोंडातून ब्रसुद्धा काढला नव्हता हो!

एका रविवारी त्याचे वडील आले. सरकारी नोकरीतले, इस्त्रीच्या शर्टातले, मोजकं बोलणारे गृहस्थ. आज्यानं धम्म घेतल्यापासून घरात शिक्षणाशिवाय दुसरी गोष्ट नाही. खाटेवर टेकले आणि म्हणाले, "आपल्या माणसानं शिकायचं ते खुर्चीत बसायला. तू उभं राहायला शिकून राहिलास. तुही आजी आडावर ओंजळ धरून बसायची. वरून कुणी ओतंल तवा पाणी. अन् तू पाण्याचा जग घेऊन लोकांपुढं उभा राहणार?"

"त्याच्यासाठीच तर," हा म्हणाला. "किचनात मी भिंतीआड, बाबा. कुणी रांधलं, खाणाऱ्याला म्हाईत न्हाई. मला भिंतीआड न्हाई ऱ्हायचं. छातीवर नावाची पट्टी लावीन, आडनावासकट, अन् त्यांच्यासमोर पाणी ओतीन. तहान आसंल तो पिईल."

वडील उठले. "परीक्षेत नापास झालास तर गुमान किचनात जायचं." यानं मान हलवली. चहा तसाच राहिला, उजव्या बाजूला.

शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं आपले दोन पाहुणे आणायचे होते. वडील आले नाहीत. मी गेलो आणि एसटीनं त्याची आजी आली. पांढऱ्याशुभ्र टेबलाशी म्हातारी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत उभे. आमचा पठ्ठ्या आला, ताठ, छातीवर पट्टी, हातात जग. आजीच्या उजवीकडं उभा राहिला. आणि तो जग दिसताच म्हातारीनं पदर सावरला, मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली.

यानं जग सावरला. "आजी, ग्लास हाय की समोर."

"आसू दे रं. कुणाचा हाय काय म्हाईत. तू वरून सोड."

"सर्व्ह करा, वेळ चाललाय," परीक्षक म्हणाले.

"सर, पाव्हण्यांनी ग्लास हातात घेतल्याबिगर मी पाणी ओतणार न्हाई. मार्क कापा."

त्याचा आवाज चढला नव्हता; पण शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचे थांबले. मनात म्हटलं, गेला हा किचनात. म्हातारीनं नातवाकडं बघितलं, छातीवरच्या पट्टीकडं बघितलं. तिला वाचता येत नाही. मग ओंजळ सोडून तिनं दोन्ही हातांनी ग्लास उचलला. यानं उजवीकडून पाणी ओतलं. ती घटाघटा प्याली आणि ग्लास पुढं करून म्हणाली, "आजून दे."

मार्क कापले. काठावर पास झाला, पण झाला! आता हैदराबादच्या एका हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुकादम आहे. फोनवर मला अजून वाढायला शिकवतो. खोली मोठी वाटते, टॉवेल नुसता टॉवेल असतो, आणि खरं सांगतो, करमत नाही.

परवा त्याचे वडील त्याची इथं राहिलेली पेटी न्यायला आले. खाट अजून मधोमधच आहे, ती मी हलवलेली नाही. ते तिच्यावर टेकले. मी घाईत पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं, अजून राग आहे.

"उजवीकडून द्या की, मास्तर," ते म्हणाले.

मी खाटेला वळसा घालून पलीकडं गेलो.